कोपऱ्यापर्यंत

गाडीतून काढलेले दोन्ही कार्बोरेटर मिस्त्रीने टेबलावर फडकं पसरून ठेवले होते. घरातलंच कोणी गेल्यासारखे काका त्यांच्याकडे बघत उभे होते. इतक्या जुन्या, देखण्या गाडीला फ्युएल इंजेक्शन बसवणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा, हे त्यांचं सकाळपासून अख्ख्या गॅरेजला ऐकवून झालं होतं. कार्बोरेटरची गाडी हात ओळखते, म्हणे. आता काय, किल्ली फिरवावी आणि कोणाही ऐऱ्यागैऱ्याने चालवावी.

इंजेक्शनचा हट्ट काकूंचा होता. काकांच्या गुडघ्याला आता क्लच झेपत नव्हता, म्हणजे चालवणार काकूच; आणि काकूंनी गाडी काढली की ती गल्लीच्या कोपऱ्यावर, औषधांच्या दुकानासमोर, हमखास बंद पडायची. नव्या नवरीच्या दिवसांपासून तिथेच. लायसन्स पर्समध्ये घेऊन काकू चालत घरी यायच्या. मग काका जायचे आणि बॉनेटवरून हात फिरवून गाडी घेऊन यायचे. तुझा हात जड, एवढंच म्हणायचे, तेही हसून. पोरंही हसायची. पुढे पुढे काकू स्वतःच लोकांना सांगू लागल्या, माझा हात जड आहे.

"काका, मानलं तुम्हाला," मिस्त्री म्हणाला. नव्या पंपासाठी त्याने टाकीपासूनची पेट्रोलची जुनी नळी उपसून काढली होती. तिच्यावरचा पितळी कॉक त्याने कौतुकाने पुढे धरला. "सीटखाली लपवलेला होता. हा बंद केला की कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी जेमतेम कोपऱ्यापर्यंत जाते. चोर बसला बोंबलत."

काकूंनी कॉक हातात घेतला. त्याची मूठ वापरून वापरून गुळगुळीत झाली होती. एखाद्या दिवसाची चेष्टा नव्हती ती. काकूंना इतका संताप आला की डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

"चोरांसाठीच बसवला होता," काका कार्बोरेटरकडे बघत पुटपुटले.

"चोर चालत घरी यायचा," काकू म्हणाल्या. "दार तुम्हीच उघडायचात."

मिस्त्री उगाचच पाने गोळा करायला लागला.

काम संपलं तेव्हा काकू स्टिअरिंगवर बसल्या. किल्ली फिरवली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. काका गुडघा उचलून शेजारी बसले. वाटेत एकदा त्यांनी गिअर बदलायला सांगून पाहिलं. काकूंनी तो आधीच बदलला होता.

औषधांच्या दुकानासमोर येऊन गाडी थांबली.

"पडली बंद?" काकांनी विचारलं. जरा आशेनेच.

इंजिन संथ चालू होतं. काकूंनी हात लांब करून त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा," त्या म्हणाल्या. "इथून घर चालत फार लांब नाही. मला पाठ आहे."