दोन घोट चहा

"तालाय गेला," शारशेन आबा उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले. "रशियात, कामावर. परांचीवरून पडला."

उमसुनाय अंगणात बटाटे निवडत होती. हातातला बटाटा हातातच राहिला. तालाय म्हणजे कालिपाचा एकुलता एक. उमसुनायचा एर्मेक आणि तो एकाच इमारतीवर काम करत, एकाच खोलीत राहत. तिच्या मनात पहिला विचार आला तो हा की माझा वाचला. मग तिला स्वतःची लाज वाटली. पण ती नंतर.

"कालिपाला कळलंय?"

"नाही. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

ते खरंच होतं. त्या खोऱ्यात मरणाची बातमी कुणी फोनवर देत नाही. चार वडीलधारी माणसं काहीतरी निमित्त काढून घरी येतात, बसतात, आणि त्यांच्यातलं एकजण सांगतं. गेली तीस वर्षं ते एकजण म्हणजे उमसुनाय. तिचे नियम गावाला पाठ होते. रिकाम्या पोटी सांगायचं नाही, नाहीतर दुःख पोटात घर करतं. घरातल्या सुऱ्या आधी लपवायच्या, आरशावर कापड टाकायचं. मग माणसाच्या डाव्या बाजूला बसून त्याचं मनगट धरायचं, कारण जीव त्या बाजूनं निसटू बघतो. आणि एवढंच विचारायचं, "दोन घोट चहा गेला का पोटात?"

मेला हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. तशी गरजच पडत नसे. तिचा तो प्रश्न गावात कुणी थट्टेतसुद्धा विचारत नसे. लोक तिचे उपकार मानत आणि तिला घाबरतही. ती गल्लीत शिरली की बाया पोरांना आत ओढत, आणि तिला लांबूनच ओरडून सांगावं लागे, "अगं, मीठ मागायला आलेय."

सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. जित्या माणसाला मेला म्हणायचं नाही, मरण नाव ऐकून येतं. एका ड्रायव्हरनं सुट्टीसाठी आई मेल्याची थाप मारली, तेव्हा उमसुनायनं त्याला भर रस्त्यात तीनदा थुंकायला लावलं आणि उतारा म्हणून सात तळलेल्या भाकऱ्या वाटायला लावल्या. तरी वर्षाच्या आत त्याची आई गेलीच. गाव ते विसरलं नव्हतं.

तिनं काळी शाल घेतली. निघण्याआधी एर्मेकला दोनदा फोन लावला. बंद होता. मित्राच्या कागदपत्रांसाठी धावत असेल, ती म्हणाली. आबा लगेच म्हणाले, तर काय, धावतच असेल. आबांबरोबर आलेली त्यांची सून मागे थांबली. गायीची धार मी काढते, तुम्ही निवांत जा, असं तिनं सांगितलं. भली पोर आहे, उमसुनायच्या मनात आलं.

गल्लीच्या तोंडाशी लोकरीच्या नमद्याच्या गोल तंबूचं सामान लादलेला ट्रक उभा होता. मेलेल्याच्या अंगणात उभारतात तो तंबू. उमसुनायच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"त्या बाईला अजून कळलं नाही, आणि तुम्ही तंबू घेऊन हजर? अक्कल गहाण ठेवलीत काय रे? बोलावल्याशिवाय इथून हलायचं नाही."

ड्रायव्हरनं टोपी काढली. "इथंच थांबतो, आपा," तो खाली बघत म्हणाला.

वाटेत ती दोनदा थांबली. आजवर कितीतरी घरांत ती गेली होती, पण कालिपाचं घर निराळं होतं. दोघी एकाच हिवाळ्यात विधवा झाल्या. एकीचं दूध आटलं तेव्हा दुसरीनं दोन्ही पोरं पाजली. आता ती माझं तोंड तरी बघेल का, असं तिनं आबांना विचारलं. आबा चालत राहिले.

"यानंतर मी कुणाला सांगायला जाणार नाही, आबा. हे शेवटचं."

"हो," आबा म्हणाले. "हे शेवटचं."

कालिपाच्या घरात तळणाचा वास भरला होता. ताटात सात भाकऱ्या होत्या. आज कसला दिवस, असं उमसुनायनं विचारलं, तर कालिपा म्हणाली, असंच, मनात आलं. तिचे डोळे लाल होते. तेलाचा धूर गेला, म्हणाली. भिंतीला चार बाया आधीच बसलेल्या होत्या. आरशावर फुलांची ओढणी होती. मटण हातानं तोडून ठेवलं होतं, सुरी कुठे दिसत नव्हती. बायांनी काम चोख केलं होतं, आणि कालिपाला काही पत्ता नाही, बिचारी.

कालिपानं तिला दारापासून लांब, मानाच्या जागी बसवलं आणि वाडगा भरून चहा दिला. आपण प्यायलो तर हीही पिईल, म्हणून उमसुनाय प्यायली. कालिपानं स्वतःच्या वाडग्याला हात लावला नाही. घे ना गं, उमसुनाय म्हणाली. घेते, तुम्ही घ्या आधी, कालिपा म्हणाली.

आता लांबवण्यात अर्थ नव्हता. उमसुनाय तिच्या डाव्या बाजूला सरकायला उठणार, तोच कालिपाचा फोन वाजला. पडद्यावर तालायचा हसरा चेहरा होता. मेल्या पोराचा फोन कुणाच्या हातात पडला?

कालिपानं शांतपणे फोन कानाला लावला.

"आल्यात. हो, बसल्यात. तू तिथंच थांब रे बाळा, त्याला एकटं सोडू नको."

तिनं फोन पालथा ठेवला. मग उठली, वळसा घालून आली आणि उमसुनायच्या डाव्या बाजूला बसली. तिच्या बोटांना अजून तेल होतं. त्या बोटांनी तिनं उमसुनायचं मनगट घट्ट धरलं.

"आपा," ती म्हणाली, "दोन घोट चहा गेला का पोटात?"