लाकडाचा पंखा

विमान टेकता टेकता पुढचं चाक मोडलं, नाक धावपट्टीवर आपटलं आणि नाकावर फिरणाऱ्या, गोवर्धन सुतारांनी तीन महिने खपून घडवलेल्या लाकडी पंख्याच्या चिरफळ्या उडाल्या.

सुतार धावत सुटले. "धातूचाच पंखा घ्या," असं त्यांनी विनवलं होतं. पण विमान बांधून स्वतःच उडवणारी हेमांगी लाकडावर अडून बसली होती. आपल्या हातच्या कामानेच पोरीचा घात केला, असं त्यांना वाटत होतं.

तेवढ्यात हेमांगी धडधाकट बाहेर आली.

"ताई, माझं लाकूड टिकलं नाही हो!"

"टिकायला नकोच होतं, काका. धातूचा पंखा असता तर सगळा धक्का इंजिनात गेला असता. म्हणून तर लाकूड निवडलं."

सुतारांनी डोळे पुसले. "दुसरा घडवतो," ते म्हणाले, "पण चाक जरा बघून घ्या."