बोटांनी बघितलेलं देऊळ

विट्याचे निवृत्त सुभेदार कृष्णात मोहिते यांची नजर मधुमेहानं गेली, त्याला चार वर्षं झाली. त्यांची मुलगी शिवांजली सुट्टीला आली, की त्यांना मोटारसायकलवर बसवून एखाद्या जुन्या देवळात न्यायची. तिथलं कोरीवकाम ते बोटांनी बघायचे.

त्या दुपारी दोघं कृष्णाकाठच्या एका हेमाडपंती महादेवाच्या सभामंडपात होते. शिवांजली एकेका खांबावर त्यांचा हात नेऊन ठेवत होती.

"हत्ती हाय. सोंड वर केल्याली," आबा म्हणाले. "लय जीव लावून घडीवलाय गं."

पुढच्या खांबाशी त्यांची बोटं रेंगाळली.

"ही बाई कोण हाय?"

"कुठं, आबा?"

"नाकात नथ हाय. हनुवटीवर व्रण." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुझ्या आईला विळा लागला व्हता, तसाच. ती गेल्यापासनं तिचा चेहरा मला आठवंनाच झाला व्हता."

शिवांजलीनं नीट पाहिलं. खांब कोरा होता. वरपासून खालपर्यंत सपाट दगड, छिन्नीचा एक घावसुद्धा नाही. पण आबा हसत होते. त्यांना खरं सांगणं तिच्या जिवावर आलं.

"आईच हाय ती, आबा."

"मग तूबी हात लाव की. माझ्यागत डोळं मिटून."

त्यांचं मन राखायला तिनं डोळे मिटले आणि त्यांच्या बोटांशेजारी आपली बोटं टेकवली.

तिच्या बोटांना गाल लागला. तो ऊबदार होता, आणि ओला.