चौदाच्या पुढे

चौदा. मुलीनं डोळा सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावरून काढला, चोळला, पुन्हा लावला. आता तरी काही वेगळं दिसेल अशी वेडी आशा. पण गुणसूत्रं कुणाची भीड ठेवत नाहीत. चौदा म्हणजे चौदाच.

"आली का अठ्ठावीस?" मागून बाबांनी विचारलं.

ते आज मुद्दाम तिच्या प्रयोगशाळेत आले होते. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, जणू सत्कारालाच निघालेत. नजर आता भिंगातलं दिसण्याइतकी उरली नव्हती, म्हणून उंच स्टुलावर कान देऊन बसले होते.

"थांबा हो बाबा, काच नीट दाबली गेली नाहीये," ती म्हणाली.

थाप होती. काचेखाली मुळाचं टोक उत्तम दाबलं गेलं होतं. आजचंही आणि कालचंही.

टेकडीच्या पायथ्याशी जे पांढऱ्या फुलांचं रानझुडूप आहे, त्याच्या पेशीत चौदा गुणसूत्रं. माथ्यावरच्या तसल्याच झुडपात अठ्ठावीस. हा बाबांचा शोध. या दुपटीमुळे माथ्यावरचं झुडूप खालच्या भावंडांपासून कायमचं तुटलं, त्यांच्याशी आता त्याचं बी धरत नाही, म्हणजे नवी जातच जन्माला आली, असं त्यांनी उमेदीच्या काळात लिहिलं होतं. अख्ख्या नोकरीत एवढीच एक गोष्ट त्यांच्या नावावर. आता वनस्पतींच्या एका मोठ्या ग्रंथात त्या झुडपाला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं. अट एकच, माथ्यावरच्या झुडपाची गुणसूत्रं कुणीतरी पुन्हा मोजून दाखवायची. ते काम मुलीनं हौसेनं अंगावर घेतलं. कुणी सांगितलं होतं?

शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण चहा घेऊन आली. "काका, तुम्हाला हे सापडलं तरी कसं?"

बाबांना तेवढंच हवं होतं. "अगं, त्याची गंमतच आहे. पायथ्याची मुळं आदल्या आठवड्यात मोजून झाली होती. माथ्यावरची औषधात घातली आणि निरोप आला, हिच्या आईला बाळंतपणाला दवाखान्यात नेलंय. तसाच पळत सुटलो. ही बाई काही लवकर यायचं नाव घेईना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत येतो तर मुळं बाटलीत तशीच. म्हटलं, गेली वाया. तरी बघू या म्हणून काच केली, तर काय, अठ्ठावीस. हिचा पायगुण, दुसरं काय."

ही गोष्ट मुलीनं लहानपणापासून शंभरदा ऐकली होती. पाहुणे आले की व्हायचीच. बाटली त्यात दरवेळी असायची. पण गोष्टीतल्या बाटलीकडे कोण लक्ष देतं?

आज तिनं दिलं.

मुळांची टोकं औषधात बुडवायची ती पेशींचं दुभंगणं थांबावं आणि गुणसूत्रं सुटी दिसावीत म्हणून. सकाळी घातली की दुपारी काढायची. रात्रभर राहिली तर पेशी दुभंगत नाही, पण आतली गुणसूत्रं मात्र दुप्पट होऊन बसतात. म्हणजे टेकडीवर काही घडलंच नव्हतं. जे घडलं ते बाटलीत, ती जन्माला येत असताना.

मैत्रीणही याच कामातली. तिचा कप हातातच राहिला. तिनं मुलीकडे एकदा पाहिलं, "आलेच मी," म्हणाली आणि बाहेर गेली ती आलीच नाही.

"काय झालं गं हिला?"

"काही नाही बाबा. काम असेल."

टेबलावर आजची बाटली होती. सकाळी घातलेली मुळं, काढायची वेळ झालेली. नाही काढली तर? उद्या याच भिंगाखाली अठ्ठावीस दिसतील, खरीखुरी, फोटो काढण्याजोगी. ग्रंथात बाबांचं नाव लागेल. पायगुणही टिकेल. कुणाचं काय जाणार होतं? हात नुसता मांडीवर ठेवून बसायचं, बस्स. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरी हात मांडीवरून हलेना.

"अगं, मुळं काढायची वेळ झाली नाही का?" बाबा म्हणाले. "तुझं लक्ष कुठाय? माझ्यासारखं करशील."

तिनं बाटली उघडली. मुळं चिमट्यानं काढून पाण्यात टाकली. मग भिंगाखालची काच काढून उगाच पुन्हा एकदा दाबली.

"आता ही काच तरी नीट आहे ना?"

"आहे."

"मग मोज. मोठ्यानं मोज, मलाही ऐकू दे."

तिनं डोळा भिंगाला लावला. "एक. दोन. तीन." पाठीमागे बाबांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून तिच्याबरोबर चालू लागला. ती जमेल तेवढं सावकाश मोजत होती. एक हात संपला तसे ते दुसऱ्यावर गेले. "तेरा," ती म्हणाली. आणि बऱ्याच वेळानं, "चौदा."

तिनं वळून पाहिलं. बाबांचा अंगठा पुढच्या पेरावर जाऊन थांबला होता.

"हं," ते म्हणाले. "पुढे?"