अनुमोदक

पालक परिषदेची बैठक सकाळी अकराला स्वयंपाकघरात भरली. अध्यक्ष शर्वरी दळवी, आणि सदस्यही तीच एकटी. नव्या कायद्याने प्रत्येक घराची वेगळी शाळा झाली होती आणि तिचं धोरण पालकांच्या हाती आलं होतं. शर्वरीने भूमिती काढून टाकली तेव्हा भिंतीवरच्या शिक्षकयंत्राने का म्हणूनही विचारलं नव्हतं.

आज तिने आपल्या मुलीसाठी ठराव मांडला, "ओवीच्या बाकावर शेजारी एक मूल असावं."

"सूचक शर्वरी दळवी," यंत्र म्हणालं. "यात दुसरी शाळा येते, म्हणून अनुमोदक तिथला पालक लागेल. इमारतीतल्या परिषदांना विचारतो."

ओवी लगेच दप्तर उचलून बाकाच्या कडेला सरकली.

दुपारपर्यंत एकसष्ट उत्तरं आली. सगळ्यांचं म्हणणं एकच, वेळापत्रक जुळत नाही.

"असं कसं? एकालाही गरज नाही?"

"चौथ्या मजल्यावरच्या परिषदेने मार्चमध्ये हाच ठराव पाठवला होता. वेळापत्रक जुळत नाही, असं तुम्ही कळवलं होतं."

"मग त्यांना आता विचार ना."

"ते जूनमध्येच घर सोडून गेले."

ओवी अजून कडेलाच बसून होती.