घेतली गं
बायको सकिना गेल्यावरही मजीद तांडेलाच्या मोबाइलमधलं गोळ्यांचं ॲप मगरिबच्या नमाजानंतर तिनंच भरून ठेवलेल्या आवाजात ओरडायचं, “ओ तांडेल, गोळी घेतलीत, का दर्यात टाकलीत?” फोन मरायला टेकला, मुलानं दुबईहून नवा धाडला. जयगडच्या दुकानदारानं सगळं नव्यात उतरवलं, जुना पुसून मोडीत काढला. मगरिब झाली, फोन गप्पच. मजीद दुकानात धावला. “चाचा, ॲप स्टोअरवाल्यांनी ते ॲपच हटवलंय. ॲपवाले गिऱ्हाइकाकडून थेट पैसे घेतात, स्टोअरचं कमिशन बुडतं. भांडण स्पर्धा आयोगापुढे गेलंय.” “त्यांच्या भांडणात माझी सकिना कशाला?” पावसाळ्यानंतर आयोगाच्या निकालानं ॲप परत आलं. आत सकिना नव्हती. पडद्यावर लिहिलं होतं, ‘आवाज रेकॉर्ड करा.’ बटण दाबून मजीद एवढंच म्हणाला, “घेतली गं.” आता रोज मगरिबनंतर तो स्वतःचंच उत्तर ऐकतो, मग गोळी घेतो.