करड्या पंखांची मादी

"ही आमची आहे," म्हणत कंपनीचा तपासनीस धनवटे याने कालिंदीबाईंच्या परसातल्या प्रकाशसापळ्यातून पतंगाची नखाएवढी करडी मादी चिमट्याने उचलली.

"तुमची कशी? लहानपणापासून बघतेय मी हे पतंग," कालिंदीबाई तडकल्या. सापळ्यात आलेले पतंग सकाळी ओळखायचे आणि झुडपात सोडून द्यायचे, हा त्यांचा जुना शिरस्ता. पण खरे पतंग संपले असं सगळे म्हणत, आणि परागीभवनासाठी कंपनीने बनवून सोडलेले पतंग पकडणं आता गुन्हा होता.

"पंख आम्ही हुबेहूब केलेत, काकू. फरक पोटात असतो. आमच्या मादीला अंडी होत नाहीत. झाली तर दरवर्षी आमचा माल कोण घेईल?" त्याने भिंग आणि बारीक पातं काढलं. "पोट फाडूनच बघावं लागेल."

कालिंदीबाईंनी त्याचं मनगट धरलं. "खरी असली तर? मी चोरली म्हणून लिहा. मला आत टाका, पण तिला सोडा."

"असं कसं? निरपराध माणसाला उगाच अडकवू?" धनवटेने हात सोडवून घेतला आणि पातं फिरवलं.

भिंगाखाली हिरवट अंड्यांची माळ उलगडली. धनवटे मोकळेपणाने हसला. "सुटलात, काकू! ही आमची नाही. तुमच्यावर काहीच गुन्हा नाही."

"माझ्यावर नाही ना?" कालिंदीबाई ओरडल्या. "मग तुझ्यावर कोण दाखल करणार, मेल्या?"